ओढ्याकाठचा कर्दळीचा वाफा : माझा अनुभव

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावाचं सांडपाणी वर्षानुवर्षं गटारातून थेट ओढ्यात जायचं. ओढा येरळेला मिळतो, येरळा पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला. उन्हाळ्यात ओढ्याला वाहतं पाणी म्हणजे एवढंच, काळं आणि फेसाळ. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर त्याच काठावर आहे. दुष्काळी टापू असल्यामुळे आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो, आणि विहिरीच्या उशाशी हे पाणी बारा महिने वाहायचं. मला ते बघवत नव्हतं. ग्रामपंचायतीत निवडून आल्यावर पहिला विषय मी हाच धरला.

तेव्हा घरोघरी शोषखड्डे करायचं काम चालू होतं. अंगण आणि मुरमाड जमीन असेल तिथं शोषखड्ड्यासारखं दुसरं काही नाही. पण आमच्या खालच्या आळीत घराला घर चिकटलेलं आणि खाली काळी माती. तिच्यात पाणी मुरत नाही, खड्डा लगेच तुंबतो. त्या आळीच्या गटाराच्या तोंडाशी, ओढ्यात पडण्याआधी, पाणी वनस्पतींच्या वाफ्यातून गाळून सोडायचं असं ठरवलं. मोरीचं पाणी परसातल्या केळीला आणि अळूला सोडायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, त्यामुळे ग्रामसभेत कल्पना समजावायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो हिशेबाला.

जिल्ह्याच्या पाणी व स्वच्छता विभागातल्या अभियंता मॅडम जागा बघायला आल्या. त्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट मनावर बिंबवली. झाड स्वतः फार थोडी घाण शोषतं. थोडं नत्र, थोडं स्फुरद, एवढंच. खरं काम करतात ते खडीवर आणि मुळांवर बुळबुळीत थर धरून बसलेले जिवाणू. कर्दळ, पाणकणीस अशा दलदलीत वाढणाऱ्या वनस्पती पानांतून घेतलेली हवा मुळांपर्यंत पोचवतात, म्हणून त्या थराला पाण्याखालीही थोडा प्राणवायू मिळतो. मुळं खडीत वाट करत राहतात, पाणी सगळीकडून झिरपत जातं. हे पक्कं समजलं की मग पुढच्या कामात काय जपायचं ते आपोआप कळतं.

हिशेब असा बसला. आळीत साधारण 400 माणसं. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी दिवसाला 55 लिटर, म्हणजे 22 हजार लिटर. त्यातलं 80 टक्के गटारात येतं असं धरलं तर साडेसतरा हजारांच्या आसपास. हे पाणी खडीत दोन दिवस तरी थांबायला हवं. खडीत पोकळ जागा साधारण 40 टक्के असते. म्हणून 25 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खडी, असा दीड गुंठ्याचा वाफा निघाला. खडी 32 ब्रास! आकडा ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पण स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद होती आणि त्यातला 30 टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालता येत होता. जागा ग्रामपंचायतीची होती, खोदाईचा जेसीबी गावातल्या एकाने नुसत्या डिझेलवर दिला.

काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून तळाला शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला. हा कागद खडीने फाटू नये म्हणून खाली वाळू, वर वाळू. दोन्ही टोकांना मोठे दगड घातले, मध्ये बारीक खडी. तळाला पाण्याच्या दिशेने अगदी हलका उतार. शेवटच्या चेंबरमध्ये फिरता एल्बो, म्हणजे पाइपचा वाकडा तुकडा, बसवला. तो वरखाली केला की वाफ्यातली पाण्याची पातळी बदलते. पाणी नेहमी खडीच्या वरच्या पातळीपेक्षा चार बोटं खाली राहिलं पाहिजे. उघडं पाणीच नसेल तर डास अंडी घालणार कुठे? आळीतल्या बायकांना सगळ्यात जास्त पटलं ते हेच.

सगळ्यात अवघड काम मात्र खडीचं नव्हतं. काही घरांच्या शौचालयाच्या टाकीचं पाणी गुपचूप गटारात सोडलेलं होतं. हा वाफा मोरीच्या पाण्यासाठी आहे, मैल्यासाठी नाही. एका घरी मी हात जोडून म्हटलं, ‘‘तात्या, टाकीचा पाइप बंद करावा लागंल.’’ तात्या म्हणाले, ‘‘मग सोडू कुठं, डोक्यावर?’’ त्यांचं चुकलं नव्हतं, जागाच नव्हती. अशा घरांसाठी मागच्या बोळात सामाईक सोय केली, तेव्हा कुठे पाइप बंद झाले. गोठ्यांचंही तसंच. शेणाचं पाणी वाफ्यात आलं की खडी बघता बघता बुजते. शेण आता उकिरड्यावर जातं.

लागवड पहिल्या पावसानंतर केली. कर्दळीचे कंद आळीतल्या परसांतूनच मिळाले, पाणकणीस ओढ्यातून उपटून आणलं, कडेला वाळा लावला. सुरुवातीला पातळी वर ठेवली, कंद फुटल्यावर हळूहळू खाली नेली. मुळं पाण्यामागे खोल जातात. दिवाळीपर्यंत वाफा तांबड्या-पिवळ्या फुलांनी भरला. लोक मुद्दाम बघायला यायचे, आणि मला मनापासून आनंद व्हायचा. पण आलेल्या प्रत्येकाला मी आधी वरच्या अंगाला असलेली गाळटाकी दाखवतो. जाळीत प्लास्टिक अडकतं, टाकीत गाळ आणि तेलकट साय राहते, आणि मगच पाणी वाफ्यात येतं. ही टाकी वेळेवर उपसली नाही तर वाफा वर्षभरात तुंबून जाईल, फुलं कितीही असोत.

बाहेर पडणारं पाणी आम्ही प्रयोगशाळेत दिलं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची, मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. अहवाल त्या मर्यादेत बसला. जंतू मात्र पूर्ण जात नाहीत. म्हणून हे पाणी आम्ही हत्तीघासाला आणि नारळांना देतो, मेथी-कोथिंबिरीला नाही.

एमआयडीसीजवळच्या गावातले लोक विचारतात, कारखान्याच्या पाण्याला हेच चालेल का? मी स्पष्ट नाही म्हणतो. साबण, खरकटं हे जिवाणूंनी कुजवून संपतं. क्रोमियम, शिसं, आर्सेनिक संपत नाही. ते मातीत राहतं किंवा झाडात चढतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सापडलेल्या एका नेच्याबद्दल 2001 साली प्रसिद्ध झालं, की तो जमिनीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो. जमीन अशी स्वच्छ करता येते, पण हंगामामागून हंगाम जावे लागतात, आणि कापलेली पानं घातक कचरा म्हणूनच हाताळावी लागतात. गुरांना घालता येत नाहीत, उकिरड्यावर टाकता येत नाहीत. ज्या नाल्याला कारखान्याचं पाणी येतं, त्याच्या काठचा अळू कितीही टवटवीत दिसला तरी तो भाजीला काढू नका, हे मी कळकळीने सांगतो.

आमच्या कर्दळीला ती अडचण नाही. जून झालेले दांडे कापून कंपोस्टला जातात. गाळटाकी दर पंधरवड्याला उपसायची, त्याची मजुरी ग्रामपंचायतीने द्यायची आणि उपसणाऱ्याला हातमोजे-गमबूट द्यायचे, असा ठराव ग्रामसभेत झाला आहे. आता वरच्या आळीच्या वाफ्याचं अंदाजपत्रक चाललंय. त्यात खडीच्या आधी पाच वर्षांच्या मजुरीची रक्कम लिहून घेतली आहे.