बँडस्टँडच्या कपारीतला खरबा

मुंबईला गेलो होतो मावसबहिणीच्या लग्नाला. लग्न, पंगत, पाठवणी सगळं यथासांग पार पडलं. लोकलच्या गर्दीनं मात्र जीव नकोसा केला. लिहायचंय ते वांद्र्याच्या बँडस्टँडवरच्या संध्याकाळबद्दल.

तिथं येणारे बहुतेक जण समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात, नाहीतर नटांच्या बंगल्यांकडे माना वळवून उभे असतात. खाली ओहोटीनं उघड्या पडलेल्या काळ्या खडकांवर एक कोळी काका उकिडवे बसले होते. काठी नाही, रीळ नाही. बोटाला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याला बारीक गरी, म्हणजे गळ, आणि हरभऱ्याएवढं शिसं.

"काका, लांब का नाही टाकत?"

"लांब कशाला? म्हावरं हितंच हाय, दगडाच्या पोटात."

कोळंबीचा तुकडा लावून ते गरी सरळ कपारीत सोडायचे. शिसं जड असलं की फटीत रुततं, म्हणून हलकं. तेही कच्च्या दोऱ्यानं बांधलेलं, म्हणजे अडकलंच तर दोरा तुटतो, गरी वाचते. हिसका बसला की लगेच वर ओढायचं. कपारीतल्या हेकरू माशाला जरा उसंत मिळाली तर तो आत शिरून कल्ले फुलवतो आणि असा घट्ट बसतो की तंगूस तुटेल, पण तो निघणार नाही.

मग एक खरबा मासा आला. काकांनी तो माझ्या ओल्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा, खडकाच्याच रंगाचा, डोळे पार डोक्यावर. हात तिरका केला तरी घसरेना! त्याच्या पोटाखालचे दोन पंख जुळून वाटी झालेली असते. ती दगडाला चिकटवून तो लाटांच्या माऱ्यातही जागा धरून राहतो. त्या वाटीची इवलीशी ओढ मला कातडीवर स्पष्ट जाणवली आणि मी हरखून गेलो. "लहान हाय, जाऊ दे," म्हणत काकांनी तो परत त्याच फटीत सोडला.

मला संताप आला तो त्यानंतर. गरीला माशांपेक्षा पिशव्याच जास्त लागत होत्या. निर्माल्याच्या, वेफर्सच्या. काका एकेक सोडवून बाजूला ठेवत होते आणि वरून, कट्ट्यावरून, कुणीतरी रिकामी बाटली खाली भिरकावली. इतकी देखणी जागा आणि तिच्याशी हे वागणं! मी वर जाऊन त्या मुलांना बोललो. ती हसली. बाटली शेवटी मीच उचलली.

पाणी कधी चढणार हे काकांनी तिथीवरून सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी चतुर्दशी. 14 ची पाऊणपट साडेदहा, म्हणजे त्यानंतर सहा तासांनी, साडेचारच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पाणी चढू लागलं की मासा खायला बाहेर पडतो, पण किनाऱ्याकडची घळ मागून भरते, म्हणून त्याआधीच निघायचं. आम्ही उजेड असतानाच वर आलो.

अमावास्येला ओहोटी सकाळी सहाच्या आसपास येते. पुढच्या खेपेला तेव्हाच जाणार आहे, सोबत पिशव्या भरायला एक गोणी घेऊन.