घसा नाही हो, मान

“एवढं ओरडतोस, घसा बसत नाही का रे?” हे मावशी विचारते, ऐरोलीच्या ऑफिसातले विचारतात, पाचपाखाडीतले सलूनवाले काका तर गळ्याला वस्तरा लावून विचारतात. दहा वर्षं ठाण्यातल्या एका डेथ मेटल बँडमध्ये मी गायलो. मावशीच्या मते ओरडलो. आजवर नुसतं ‘नाही’ म्हणून सुटत आलो, पण परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

आपल्या स्वरतंतूंच्या जरा वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्या बाजूला असतात. ग्राउल, म्हणजे डेथ मेटलमधला तो घोगरा गुरगुराट, करताना त्या जवळ आणून थरथरवायच्या, आणि श्वासाचा जोर पोटातून द्यायचा. नुसत्या गळ्याने खेचलं तर आवाज बसतोच. पहिले तीन महिने माझा रोज बसायचा. पण एकदा जमलं की गंमत कळते: ग्राउल मुळात फार मोठा नसतोच. शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटेल कोणी खाकरतंय. राक्षस होतो तो माइकमुळे. मी बाथरूममध्ये सराव करायचो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू अडुळशाचा काढा घेऊन वर आल्या होत्या. “किती दिवस झाले खोकला?” काय सांगणार! प्यायलो.

याला कोणी खर्जाचा रियाज म्हटलं की मला संकोच वाटतो. खर्ज लावणारा स्वर शोधत असतो. आम्ही स्वर पुसून फक्त पोत ठेवतो. शब्दही अर्धेमुर्धेच पोचतात. आम्ही इंग्रजीत गायचो, पण खाडीवर एक गाणं मराठीत केलं होतं आणि तेव्हा लक्षात आलं, की ‘ळ’ आणि ‘ढ’ ही अक्षरं जणू ग्राउलसाठीच घडवलीत. ते गाणं लोकांना आवडलं नाही. मला अजून आवडतं.

पहिला कार्यक्रम कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये, वीस मिनिटांचा. साउंडवाला दादा एरवी हळदी आणि ऑर्केस्ट्रा करणारा. साउंडचेकला मी पहिली ओळ म्हटली तसा तो धावत आला, माइक बदलला. दुसरी ओळ म्हटली, केबल बदलली. तिसऱ्यांदा मी म्हणालो, “दादा, माइक बरोबर आहे. आवाजच असा आहे.” त्याने माझ्याकडे बघितलं, टेबलाशी गेला आणि माया येऊन असेल, पण भरपूर एको दिला. ड्रम्सचा वेग मिनिटाला दोनशेच्या वर, त्यात माझी प्रत्येक ओळ चार-चार वेळा परत येत होती. वर मी व्हिडिओत बघितल्याप्रमाणे माइकचं बोंड मुठीत आवळलेलं. दिसायला झकास, पण त्याने आवाज घुसमटतो आणि शिट्टी वाजते. वीस मिनिटं शिट्टी वाजली.

आमची कारकीर्द म्हणाल तर एवढीच: एकेचाळीस कार्यक्रम आणि चार ड्रमर. ड्रमर टिकत नाहीत, कारण एकच मुलगा तीन बँडमध्ये वाजवत असतो. मोठी माणसं रंगभवन या मुंबईतल्या खुल्या नाट्यगृहातल्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाच्या आठवणी सांगायची. ते शांतता क्षेत्रात गेलं आणि आमच्या वाट्याला गोष्टी आल्या. उरले लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारातले पब. ठाण्याहून स्लो लोकलने करी रोड, तिथून गिटार, पेडल आणि स्नेअर ड्रम पाठीवर टाकून चालत. उघड्यावर कार्यक्रम असला तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, आणि आधीच्यांनी उशीर केला की आमच्या पंचवीस मिनिटांची बारा व्हायची. याच मुंबईतून भयानक मौत हा बँड उभा राहिला (हे नाव आईला सांगितलं तेव्हा तिने पोळी लाटायची थांबवली), आणि गटस्लिट हा दुसरा बँड तर युरोपचे दौरे करून आला. आम्ही वाशीपर्यंत पोचलो.

आता दुखण्याचं. घसा नाही हो, मान. हेडबँगिंग, म्हणजे तालावर डोकं जोरजोरात हलवणं. कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडचा गायक जॉर्ज फिशर 1995 मध्ये त्यात आला, तो अजून पवनचक्कीसारखे केस फिरवतो, आणि त्याची मान डोक्यापेक्षा रुंद आहे हा जगभरच्या मेटलवाल्यांचा लाडका विनोद. आम्हाला वाटायचं, आपलीही होईल तशी. माझ्या मानेचा घेर शर्टाच्या साडेचौदा इंचांवरच राहिला. थ्रॅश मेटल वाजवणाऱ्या स्लेयर बँडच्या गायकाला, टॉम अरायाला, 2010 मध्ये मानेची शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हापासून तो स्टेजवर डोकं स्थिर ठेवून गायचा. त्याच्याही आधी, 2008 मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळच्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हिशोब मांडला होता: मिनिटाला 146 ठोक्यांच्या गाण्यावर मान 75 अंशांहून जास्त हलवली तर इजेची शक्यता. आम्ही अर्ध्या लयीत हलवायचो, पण कोन मोजायला कोण थांबतंय!

एका सकाळी उजवीकडे मान वळेना. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, धंदा विचारला, मी सांगितल्यावर टॉर्च घेऊन आधी घसाच बघितला. “घसा उत्तम आहे,” म्हणाले. मग पट्टा दिला, सहा आठवड्यांचा.

वाशीचा कार्यक्रम त्याच सहा आठवड्यांत होता. पट्टा लावूनच उभा राहिलो, कातडी रंगाचा, पुठ्ठ्यासारखा कडक. उतरल्यावर एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मागे आला. मला वाटलं, घशाबद्दल विचारणार.

“दादा, तो गळ्यातला पीस भारी आहे. कुठून घेतला?”

त्याला नौपाड्यातल्या सर्जिकलच्या दुकानाचा पत्ता दिला.