बंदा घाटापासून चप्पडचिडीपर्यंत

नांदेडला गोदावरीकाठी बंदा घाट नावाचा गुरुद्वारा आहे. लहानपणी त्याच्यावरून शेकडो वेळा गेले असेन, पण हा ‘बंदा’ कोण, हे मला बरेच उशिरा कळले. माधोदास नावाचा एक बैरागी तेथे मठ करून राहत होता. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले, दोघांची भेट झाली, आणि स्वतःला गुरूंचा बंदा, म्हणजे सेवक, म्हणवून घेत तो, आता बंदा सिंग बहादूर, पाच बाण, नगारा आणि निशाण घेऊन पंजाबकडे निघाला. आमच्या गावात सांगितली जाणारी गोष्ट इथेच संपते. पुढची पाहावी म्हणून मी फेब्रुवारीत सचखंड एक्सप्रेसने निघाले. वाटेत स्थानकावर सेवेकरी लंगर घेऊन डब्याशी आले, तेव्हा घरच्या दशम्या पिशवीत असूनही मी डब्याचे झाकण पुढे केले. त्या डाळीला नाही म्हणणे जमले नाही.

अंबाल्याहून बसने मोहाली आणि तिथून रिक्षाने चप्पडचिडी, म्हणजे बंदा सिंगांनी मोगलांशी लढाई जिंकली ते मैदान. गव्हाच्या हिरव्या शेतांपलीकडे फतेह बुर्ज, त्या विजयाचा स्मारक-मनोरा, बराच आधी दिसू लागतो. अष्टकोनी, चढत जाताना निमुळता होणारा, वर घुमट आणि घुमटावर खंडा हे शीख चिन्ह. उंची ३२८ फूट, म्हणजे १०० मीटर. कुतुबमिनार ७३ मीटरच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. ३० नोव्हेंबर २०११ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. खरे सांगायचे तर पायथ्याशी उभे राहून मान वर करताना मला लढाईपेक्षा बांधकामाचेच कौतुक अधिक वाटले.

लढाई कळली ती आवारातल्या टेकाडांवर. मातीचे उंचवटे करून त्यांवर बंदा सिंग बहादूर आणि त्यांच्या पाच सेनानींची शिल्पे उभारली आहेत : फतेहसिंग, बाजसिंग, रामसिंग, आलीसिंग आणि मालीसिंग. यांपैकी बाजसिंग नांदेडपासूनच बंदा सिंगांच्या सोबत होते, हे आठवून मी त्यांच्या शिल्पापाशी जरा जास्तच रेंगाळले. टेकाडावरून चहूकडे पाहिले की हा मुलूख किती सपाट आहे, ते ध्यानात येते. समोर सरहिंदचा सुभेदार वजीरखान तोफा, हत्ती आणि कसलेले सैन्य घेऊन उभा, आणि इकडे बहुतांश शेतकरी, हातात भाले नि तलवारी. अशा उघड्या रानात तोफखान्यासमोर जायचे म्हणजे काय, ते इथे उभे राहिल्याशिवाय समजत नाही.

त्या माणसांच्या मनात काय होते, हेही सांगायला हवे. याच वजीरखानाच्या हुकमाने सरहिंदला गुरूंच्या धाकट्या दोन मुलांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना, भिंतीत चिणण्यात आले होते. आणि शीख परंपरेनुसार नांदेडला गुरूंवर वार करणारे पठाणही त्यानेच धाडले होते. १२ मे १७१० रोजी तो याच मैदानात मारला गेला आणि दोन दिवसांत सरहिंद शिखांच्या हाती आले. बंदा सिंगांनी पाडलेल्या नाण्यांवर स्वतःचे नाव घातले नाही, गुरूंचे घातले. जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे केल्या. हा अंमल फार टिकला नाही, जून १७१६ मध्ये दिल्लीत त्यांना हाल करून ठार मारण्यात आले. मला स्वतःला या उंच बुरुजापेक्षा ते नाणे आणि ती जमीन हेच मोठे स्मारक वाटते.

ऊन उतरताना बाकावर एक वृद्ध सरदारजी शेजारी येऊन बसले. कुठून आलात, म्हणून त्यांनी हिंदीत विचारले. मी नांदेड म्हटले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. ‘हजूर साहिब’ हे तिथल्या मुख्य गुरुद्वाऱ्याचे नाव घेताच मात्र त्यांनी हात जोडले. त्यांचे तिकडे जाणे अजून व्हायचे होते. बेटा, गोदावरीला आता पाणी असते का, असे त्यांनी विचारले. पावसाळ्यात भरपूर असते, उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे तेवढे राहते, असे मी सांगितले. ते मान हलवत राहिले, आणि मग बंदा घाट नदीपासून किती अंतरावर आहे, ते मला पुन्हा पुन्हा विचारू लागले.