घड्याळाचा जाळीदार पट्टा
आज घड्याळासाठी स्टीलचा जाळीदार पट्टा निवडताना आधी पट्टा अडकतो त्या दोन टोकांमधले अंतर मोजले. ते २० मिलिमीटर भरले, म्हणजे १८ चा पट्टा मध्येच डुलत राहिला असता आणि २२ चा बसलाच नसता. मिलानीज म्हणतात तो बारीक विणीचा पट्टा बोटांवरून कापडासारखा ओघळतो, पण त्याची खरी पारख आतली बाजू आणि कडा चाचपल्यावरच होते, कारण तिथे तारा नीट घासलेल्या नसतील तर मनगटावरचे केस ओढले जातात. जाड विणीचा पट्टा भक्कम होता, मात्र माझ्या पातळ घड्याळाला तो जड वाटला. शेवटी सरकत्या बकलचा बारीक विणीचाच घेतला. उकाड्यात मनगट किंचित फुगले, की बकल जरासे सरकवले की झाले. कड्या काढण्याची गरजच नाही.