ताईचे फुलटोचे कमी झाले

आज साडेपाचला उठलो, म्हणजे ताईने उठवलं. चार दिवसांसाठी आलीये आणि पहिल्याच पहाटे "ऊठ रे, उजाडेल आता" सुरू, मी पन्नाशीला टेकलो तरी हिच्या लेखी मी अजून तिसरीतलाच, दप्तर विसरून शाळेत जाणारा. टेकडीपर्यंत वीस मिनिटं चालत गेलो आणि वाटेत एक अक्षर बोललो नाही. आमचं असंच आहे. मुलं, तब्येती, घरातल्या कटकटी हे सगळं फोनवर दोन मिनिटांत उरकतं, मग ती विचारते "काय दिसलं?" आणि तिथून पुढे पाऊण तास कसा जातो कळत नाही.

आमच्यात अकरा वर्षांचं अंतर आहे. ती कॉलेजात आणि मी तिसरीत, सुट्टीच्या दिवशी मला सांभाळायची ड्युटी तिच्यावर आणि तिला तर पक्षी बघायला जायचं असायचं, म्हणून मी सोबत. हौस बिस नंतरची. दुर्बीण एकच, तीही तिच्या गळ्यात, मला मोजून पाच मिनिटं मिळायची. वहीपण एकच आणि तिचा नियम कडक, दोघांनी बघितला किंवा ऐकला तरच पक्षी वहीत जाणार. कारण मी थापा मारायचो (एकदा मला गरुड दिसला होता, घराच्या गच्चीवर बसलेला, जाऊ दे).

त्या वहीत एका नोंदीपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. ती म्हणते शिक्रा, मी म्हणतो पावश्या. पावश्या दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा, उडतोही तसाच, छोटे पक्षी त्याला बघून शिकारी आल्यासारखा गोंधळ घालतात आणि हा पठ्ठ्या जाऊन सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. तर तो पानाआड बसलेला नक्की कोण होता यावर आम्ही इतकी वर्षं भांडतोय. मधे एकदा घरच्याच एका गोष्टीवरून खरंच बिनसलं होतं, सात-आठ महिने बोलणं बंद, आणि मग एके दिवशी तिचा मेसेज आला, "तो शिक्राच होता". मी लिहिलं "पावश्या". झालं, मिटलं.

तर मुद्दा फुलटोच्याचा आहे. जेमतेम 8 सेंटिमीटरचा पक्षी, मातकट रंगाचा, बघण्यासारखं त्यात खरं तर काही नाही. पण ताईचा भारी लाडका. का, तर बांडगुळामुळे. बांडगुळाचं पिकलेलं फळ तो गिळतो, बी थोड्याच वेळात दुसरीकडून बाहेर येते पण इतकी चिकट की पडतच नाही, मग हा फांदीवर बूड घासून ती पुसतो आणि ती बरोबर तिथेच चिकटते आणि रुजते. हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसून हसून खाली बसलो होतो. झाडात तो दिसत नाहीच सहसा, डोक्यावरून टिक टिक असा बारीक टोकदार आवाज जातो त्यावरूनच कळतं.

गेली दोन वर्षं ताई फोनवर म्हणत होती, "इकडे फुलटोचे कमी झालेत रे." मी आपलं म्हणायचो, हो ना, झाडं तोडली असतील, बांडगुळं छाटतात हल्ली, फवारणी बिवारणी. एकदा तर मी यावर तिला चांगलं दहा मिनिटांचं भाषण दिलं होतं.

आज आंब्याखाली उभे होतो. तांबट टुक टुक करत होता, ताई म्हणाली "सुरू झाला बघ सकाळी सकाळी." भारद्वाज घुमला, तो तिने माझ्याआधी ऐकला. आणि वरून टिक, टिक टिक, टिक. अगदी डोक्यावर. मी तिच्याकडे बघितलं, आता म्हणेल. ती म्हणाली, "इथेपण नाहीत ना रे फुलटोचे?"

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार?

माणसाचा कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो म्हणतात पण ते कोवळ्या वयात, पुढे वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, खर्जातले टिकतात. म्हणून तांबट आहे, भारद्वाज आहे आणि फुलटोच्या नाही. मला हे सगळं माहीत होतं, वाचलेलं होतं, पण ताईला लावून बघायचं डोक्यातच आलं नाही.

तीच म्हणाली मग, माझ्या तोंडाकडे बघून. "बोलतोय का?" मी मान हलवली. "कुठे?" मी बोट केलं. मला आवाजाची दिशा कळते पण माझा चष्मा असा की पानांत मला पानंच दिसतात. तिने दुर्बीण लावली, आवाजाच्या दिशेने नाही, सरळ त्या बाजूचं बांडगूळ शोधलं आणि त्यावर थांबली. मिनिटभर, दोन मिनिटं. "आहे," म्हणाली. मग दुर्बीण माझ्या हातात दिली, पाच मिनिटं वगैरे काही नाही, दिली.

मोबाईलमधलं मर्लिन ॲप आवाज ऐकून पक्षी सांगतं, ते तुझ्या फोनमध्ये टाकून देऊ का म्हटलं तर म्हणाली, "ते त्याने ऐकलेलं होईल, मी नाही." बरोबर आहे, नियम तिचाच.

खाली उतरताना म्हणाली की कानाची टेस्ट झालीये, मशीन लावायला सांगितलंय, घरी कोणाला बोलले नाही अजून. (हे लिहिलेलं तिला दाखवलंय. "बूड पुसणं कशाला लिहिलंस" एवढीच तक्रार.) मी विचारलं कधीपासून, तर म्हणे "फुलटोचे कमी झाले तेव्हापासून" आणि स्वतःच हसली.

मग ती बाजू बदलून माझ्या उजवीकडून चालायला लागली. डावा कान जरा बरा आहे म्हणे.