शब्दाआधी खंजीर

रेवाने पत्र तपासून दिलं. मन लावून तपासलं. फक्त ‘डू द नीडफुल’वर काट मारून बाजूला लिहिलं, ‘मावशी, हे आता कुणी लिहीत नाही.’ तिचं बरोबरच असेल. पण त्या ‘कुणी’मध्ये मी धरलेली नाही का, एवढं विचारायचं राहिलं.

आज पुन्हा चारला जाग. फ्लॅटचं काय करायचं, वसंताच्या रिपोर्टमध्ये काय येणार... असो.

पडल्यापडल्या फोनवर वापरातून गेलेले इंग्रजी शब्द चाळत होते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अशा शब्दाच्या आधी एक बारीकसा खंजीर छापतात. अर्थ असतो, कुणी कधी कुठे लिहिला तेही असतं, पण आधी खंजीर. जेम्स मरेसाहेबांनी १८७९मध्ये संपादन हाती घेतलं, पहिला भाग १८८४ला निघाला, १९१५ला साहेब गेले आणि कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं. मेलेल्यांचीसुद्धा केवढी बडदास्त! इथे नुसती काट, तीही शिसपेन्सिलीने.

मग तो शब्द दिसला. उह्तचेआरे. ‘उह्त’ म्हणजे उजाडायच्या आधीचा रात्रीचा शेवटचा प्रहर, ‘चेआरे’ म्हणजे काळजी. जुन्या इंग्रजीत तो एकाच ठिकाणी सापडतो, एका बाईच्या विलापात. नवरा लाटांपलीकडे निघून गेलेला, त्याच्या नातलगांनी दोघांची ताटातूट करायचं मनात धरलेलं. ही ओकच्या झाडाखाली जमिनीतल्या बिळासारख्या घरात राहते आणि तो कुठल्या मुलखात असेल याचा घोर तिला पहाटे लागतो. कवितेचं हस्तलिखित दहाव्या शतकातलं, बिशप लेओफ्रिकने एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलेलं. पुढे कुणी त्यावर सुरी चालवली, कुणी पेला टेकवला, शेवटची पानं जळाली. तरी हा शब्द वाचला.

आणि मरेसाहेबांच्या कोशात? नाही. ११५०च्या आधी जे शब्द संपले ते घ्यायचेच नाहीत, असा तिथला नियम. म्हणजे बिचारीला खंजीरही नाही.

याचं मला एवढं का लागावं? पण लागलं. रोज पहाटे मला जे होतं त्याला नाव होतं, आणि ज्यांचं होतं त्यांनी ते टाकून दिलं. त्याच प्रहरी मठांत साधू प्रार्थना म्हणायचे, तिला ‘उह्तसंग’ म्हणत. आपली काकडआरतीच की. एकाच वेळेला काहींच्या वाट्याला आरती आणि काहींच्या वाट्याला घोर. माझ्या वाट्याला काय यायचं ते ठरलेलंच. आणि वर बोलायची सोय नाही, कारण मी बोलते ते ‘आता कुणी लिहीत नाही’.

एवढं लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. हजार वर्षांपूर्वीच्या बाईला नवरा दिसेना, आणि मला सोसायटीच्या पत्रातली एक ओळ खोडलेली सोसवेना!

रेवाने रात्री ‘नाइस लेटर, मावशी’ असंही पाठवलं होतं. ‘नाइस’चा इंग्रजीतला पहिला अर्थ मूर्ख, अडाणी, मूळ लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे काही न कळणारा. हा शब्द न मरता सात-आठशे वर्षांत गोड होऊन बसला. मी उत्तर टाकलं, ‘सो आर यू.’ तिने बदाम पाठवला.

एक शब्द मात्र उचलून ठेवलाय, ‘ओव्हरमॉरो’. उद्यानंतरचा दिवस. कव्हरडेलने इंग्रजीत आणलेल्या १५३५च्या बायबलात आहे. तो टाकून इंग्रज आता ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असे चार शब्द एकापुढे एक लावतात. आपला ‘परवा’ मागेही चालतो आणि पुढेही. गीझरवाला ‘परवा येतो’ म्हणाला होता. त्याला आता बरेच दिवस झाले, पण तो खोटं बोलला असं काही म्हणता येत नाही.