फट नसलेलं खुराडं
मी सुतार आहे. कपाटं, दारं, पलंग हे रोजचं काम. काकूंनी सहा कोंबड्यांसाठी कमी खर्चातलं खुराडं मागितलं, ते माझं पहिलंच. जुनं दार, मोडीतल्या पलंगाचे पाय आणि मालाची लाकडी पॅलेटं एवढ्यावर भागवलं. पॅलेटवरचा शिक्का मात्र बघून घेतला. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते बाजूला काढलं. माप ६ फूट बाय ४, म्हणजे एकीला ४ चौरस फूट. "थंडी लागू नये हो त्यांना," काकू म्हणाल्या होत्या. म्हणून कपाटासारखा सांध्याला सांधा भिडवला आणि जिथे उजेड दिसला तिथे पट्टी मारली.

तीन आठवड्यांनी सकाळी सहाला फोन आला. "दादा, कोंबड्या शिंकतायत. एकीचा डोळाच उघडत नाहीये. जरा येऊन बघता?"

डोळ्याचं दुखणं हे डॉक्टरांचं काम, असं मनात आलं, तरी गेलो. काकू अंडी काढायच्या त्या बाहेरच्या झाकणातून, त्यामुळे आतली हवा कधी त्यांच्या नाकाशी आलीच नव्हती. मी गुडघ्यांवर बसलो आणि कोंबड्या झोपतात त्या दांडीच्या उंचीवर डोकं आत घातलं. दुसऱ्या श्वासाला नाक झोंबलं, तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. छपराच्या पत्र्याला आतून थेंब लोंबत होते, एक माझ्या मानेवर पडला. खालचा भुसा मुठीत दाबला तर त्याचा गोळा झाला. कोपऱ्यात ती कोंबडी पिसं फुगवून बसली होती, पापणी सुजून चिकटलेली. रात्रभर सहाजणी हीच हवा घेत होत्या, आणि ती मी कोंडली होती.

जनावरांच्या डॉक्टर आल्या, तिला औषध घातलं. मग मला म्हणाल्या, "विष्ठेत तीन-चतुर्थांश पाणीच असतं. शिवाय श्वासातली वाफ. ओलीत विष्ठा कुजली की अमोनिया सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ च्या वर जाऊ द्यायचा नसतो. थंडीचं त्यांच्या पिसांवर सोडा, आधी ही ओल बाहेर काढा."

ओला भुसा खरवडून कोरडा घातला आणि करवत घेतली. पत्र्याच्या लगेच खाली, दोन्ही लांब बाजूंना, ६ इंचांची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून काढली. दांडीच्या वर, म्हणजे वाफ निघून जाते आणि वारा अंगावर येत नाही. पत्रा बाहेर फूटभर आलेला होता, त्यामुळे झड आत येणार नव्हती. आपणच घट्ट बसवलेली फळी कापताना वाईट वाटतं, पण कोपऱ्यातल्या त्या डोळ्याकडे बघून हात थांबला नाही.

काकूंकडे षटकोनी जाळीची गुंडाळी पडून होती. या फटींना तीच लावा म्हणाल्या. मी ऐकलं नाही. ती जाळी कोंबडी आत ठेवायला पुरते, पण कुत्रं किंवा मुंगूस बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली चौकोनी जाळी आणली, दर ४ इंचांवर वॉशर घालून स्क्रूने आवळली. दार जुनं चालतं, रंग नसला तरी चालतो, पण जाळीत काटकसर करायला मी आता कोणालाही सांगत नाही.

जाता जाता दांडीही अंड्यांच्या खोक्यांपेक्षा वर घेतली. आधी दोन्ही एकाच उंचीला होती, म्हणून दोघी खोक्यातच झोपायच्या आणि अंडी बरबटायची.

संध्याकाळी पाचजणी दांडीवर चढल्या. आजारी कोंबडीला काकूंनी टोपलीत घालून वेगळं ठेवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पुन्हा गेलो, डोकं आत घातलं, पत्र्याला आतून तळहात फिरवला. कोरडा होता. टोपलीतली कोंबडी एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. दुसरा उघडायला आणखी पाच दिवस गेले.